एका गोधडीचे टाके किती?

बालमित्रांनो, घरात आजी असेल तर एक काम कधी ना कधी तुमच्या वाट्याला आलेलंच असणार. सुईत दोरा ओवून द्यायचं! आजीची बोटं सुई झरझर चालवतात, पण सुईचं नेढं काही तिला दिसत नाही. मग हाक येते, "बाळा, एवढा दोरा ओवून दे." तुम्ही दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करता, एक डोळा मिटता आणि झालं, दोरा आरपार! सुईच्या भोकाला नेढं म्हणतात हे ठाऊक आहे ना? राजगडाच्या सुवेळा माचीवर खडकाला आरपार भोक पडलेलं आहे, त्यालाही नेढंच म्हणतात.

दोरा ओवून दिला की आपण खेळायला पळतो. पण त्या दोऱ्याचं पुढं काय होतं? आज आपण तेच पाहू या. आणि नुसतं पाहायचं नाही बरं का, करायचंसुद्धा!

चिंध्यांची श्रीमंती

गोधडी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. कुणी तिला वाकळ म्हणतं. तान्ह्या बाळासाठी केलेल्या छोट्या, मऊ गोधडीला दुपटं म्हणतात. बाळंतविड्यात झबली-टोपड्यांबरोबर दुपटीही असतात. नवं कापड असताना जुन्या साडीचं दुपटं का करायचं? कारण वर्षानुवर्षं धुऊन धुऊन जुनं सुती कापड इतकं मऊ होतं, की बाळाच्या कोवळ्या अंगाला ते बोचत नाही.

मोठी गोधडी करायची रीत साधी आहे. जमिनीवर जुनं लुगडं अंथरायचं. त्यावर जुनी धोतरं, साड्या, चादरी यांचे थर नीट पसरायचे. सगळ्यांत वर रंगीबेरंगी तुकडे मांडायचे. कडा आत दुमडायच्या, मोठे मोठे कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे. मग कडेपासून सुरुवात करून धावदोरा घालत आत आत यायचं. चौकोनात चौकोन, त्यात आणखी लहान चौकोन, असं करत शेवटचा टाका मधोमध!

नऊवारी लुगड्याचा हिशेब तर फार गमतीचा आहे. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर. त्याचे चार सारखे भाग केले की प्रत्येक भाग दोन मीटरहून थोडा लांब होतो. दोन भाग शेजारी शेजारी जोडले की झाला गोधडीचा तळ, उरलेले दोन जोडले की झाली वरची बाजू. एका लुगड्यात दोन्ही बाजू! आपल्या पणज्या शाळेत गेल्या नसतील, पण हे गणित त्यांना चोख येत होतं.

आता तुमचं गणित

वही-पेन्सिल घ्या. समजा गोधडी २ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे. धावदोऱ्याच्या दोन ओळींमध्ये २ सेंटिमीटर अंतर आहे. तर ओळी किती होतील? १५० भागिले २, म्हणजे ७५. प्रत्येक ओळ २ मीटरची. म्हणून शिवण झाली १५० मीटर!

एक टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून १ सेंटिमीटर धरा. १५० मीटरमध्ये १५,००० टाके बसतात. एका मिनिटाला २० टाके पडले, तरी ७५० मिनिटं लागतील. म्हणजे साडेबारा तास. मध्ये न उठता, चहा न पिता, दोरा न ओवता!

पण आजीला कुठं असे सलग साडेबारा तास मिळतात? स्वयंपाक, भांडी, धुणं, शेतातलं काम झालं की दुपारी तास-अर्धा तास. म्हणून एक गोधडी कित्येक दिवस चालते. कापड फुकटचं असतं, पण हात फुकटचे नसतात. "घरातल्या चिंध्यांची तर आहे," असं म्हणून आपण गोधडी पायानं लोटतो, तेव्हा हे पंधरा हजार टाके आठवायला हवेत.

ऊब कुठून येते?

गोधडी स्वतः काही गरम नसते. थंडीत तिला नुसता हात लावून पाहा, गारच लागेल. मग पांघरल्यावर ऊब का येते? ती ऊब आपल्याच अंगाची असते. गोधडीच्या थरांमध्ये हवा अडकून बसते. स्थिर हवेतून उष्णता फार हळू बाहेर जाते, म्हणून अंगाची ऊब आतच राहते. जाड कापडाच्या एकाच थरापेक्षा पातळ कापडाचे चार थर जास्त ऊबदार लागतात, ते यामुळंच.

धावदोरा इथं दोन कामं करतो. एक म्हणजे थर जागचे हलू देत नाही. नाहीतर दोन धुण्यांत आतली कापडं एका कोपऱ्यात गोळा झाली असती. दुसरं म्हणजे, एखादा टाका तुटला तरी बाकीचे हजारो टाके गोधडी धरून ठेवतात. तेवढ्या जागी पुन्हा टाका घातला की झालं!

आमच्या खेड तालुक्याच्या पश्चिमेला, भोरगिरी-भीमाशंकरकडे, पाऊस भरपूर आणि हवा गार. पावसाळ्यात जाड गोधडी वाळता वाळत नाही. म्हणून गोधडी शिवायचे दिवस उन्हाळ्यातले. आणि पाऊस सरत आला की नवरात्राच्या आधी घरोघरच्या गोधड्या नदीवर नेऊन धुवायची जुनी रीत.

ठिगळाची लाज कशाला?

"ए ठिगळ्या!" असं शाळेत कुणाला चिडवलेलं तुम्ही ऐकलं असेल. आता एक गोष्ट ऐका. महाराष्ट्रात एक थोर माणूस होऊन गेला. तो मुद्दाम चिंध्या जोडून केलेले कपडे घालत असे. डोक्यावर किंवा हातात फुटकं गाडगं, दुसऱ्या हातात खराटा. ओळखलंत ना? संत गाडगेबाबा! अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, चिंधेबुवा म्हणत. बाबांना त्याची लाज वाटली नाही. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू आणि आमच्या तालुक्यातल्या आळंदीत गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. स्वतःच्या अंगावर मात्र चिंध्याच ठेवल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

तेव्हा मुलांनो, ठिगळ म्हणजे गरिबीची खूण नव्हे. कापडाची आणि कापड विणणाऱ्याच्या कष्टांची कदर केली, एवढाच त्याचा अर्थ.

दूरदूरच्या गोधड्या

कर्नाटकात उत्तर कन्नड म्हणजेच कारवार जिल्हा आहे. तिथं यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून भारतात आले. सिद्दी बायकाही कडेपासून आत आत शिवत येतात. त्यांच्या गोधडीच्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं असतात. ही फुलं नसली तर गोधडी उघडी वाटते, असं त्या म्हणतात!

बंगालमध्ये जुन्या साड्यांचा कांथा करतात. साडीच्या काठातले रंगीत धागे उसवायचे आणि त्याच धाग्यांनी कांथ्यावर फुलं, मासे, पक्षी काढायचे. बिहारच्या मुजफ्फरपूर भागात अशीच सुजनी शिवतात.

आता थेट अमेरिकेत जाऊ. तिथं अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं खेडं आहे. पूर्वी गुलाम म्हणून कापसाच्या शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांचे वंशज तिथं राहतात. तिथल्या बायका शेतात घालून विटलेल्या पँटी-शर्टांच्या गोधड्या शिवत. मिझूरी पेटवे नावाच्या बाईंचे पती वारले. १९४२ साली त्यांनी पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. का? पांघरलं की माणूस जवळ आहे असं वाटावं म्हणून. २००२ साली या खेड्यातल्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांची १० तिकिटं काढली. ज्या गोधड्या थंडी निवारायला केल्या, त्या लोक रांगा लावून पाहू लागले.

आपल्याकडं मात्र आजीची गोधडी माळ्यावर जाते आणि दुकानातलं गुळगुळीत ब्लँकेट पलंगावर येतं.

एक वस्तू, पाच नावं

मी राजगुरुनगरजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. चाकणच्या कारखान्यांमुळं आमच्या वर्गात गावोगावची मुलं आहेत. मी एकदा वर्गात गोधडी नेली आणि विचारलं, "तुमच्या घरी हिला काय म्हणतात?" कुणी म्हणालं गोधडी, कुणी वाकळ. कर्नाटकातून आलेली मुलगी म्हणाली, "कौदी." उत्तर प्रदेशातला मुलगा म्हणाला, "कथरी." आणि एरवी वर्गात तोंड न उघडणारा बिहारचा एक मुलगा उठून म्हणाला, "सुजनी! माझी दादी करते." त्या दिवशी तो पहिल्यांदा आपणहून बोलला.

मग आम्ही ठरवलं, वर्गाची गोधडी करायची. पस्तीस मुलं, पस्तीस तुकडे. प्रत्येकानं घरच्या जुन्या सुती कापडाचा एक तुकडा आणायचा आणि तो कुणाचा, ते सांगायचं. कुणी आईच्या साडीचा आणला, कुणी आजोबांच्या धोतराचा, कुणी बाबांच्या कंपनीच्या गणवेशाचा. एक मुलगा म्हणाला, "बाई, शिवणं हे मुलींचं काम!" मी त्याला विचारलं, "बाजारपेठेत तुझी पँट शिवून देतात ते कोण? आणि गुडघा फुटल्यावर टाके घालतात ते डॉक्टर?" सगळा वर्ग हसला. त्यानं गुपचूप सुई घेतली. त्याचा धावदोरा पुढं सगळ्यांत सरळ आला!

ती गोधडी आम्ही शेजारच्या अंगणवाडीला दिली. आता तुम्हीही करायला बसा. पण थेट गोधडी नको. लहानापासून सुरुवात.

सुरुवात करण्यापूर्वी

साहित्य: जुनं सुती कापड, मोठ्या नेढ्याची सुई, जाड सुती दोरा, कात्री, टाचण्या, पट्टी आणि खडू. शिंप्याच्या दुकानात नीट विचारलं तर कातरणीही मिळतात. मात्र त्या बघून घ्या. आजकाल बऱ्याच कापडांत पॉलिस्टर असतं. पाण्याचा थेंब टाकून पाहा. जुन्या, धुतलेल्या सुती कापडात तो चटकन जिरतो, पॉलिस्टरवर बहुधा थोडा वेळ तसाच राहतो. कापडाचा रंग जातो का, तेही ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहा. सगळी कापडं आधी धुऊन वाळवून घ्या.

दोरा हातभरच घ्या. लांब दोऱ्याचा गुंता होतो. टोकाला गाठ मारा आणि ती थरांच्या आत लपवा. धावदोरा म्हणजे सुई खाली, सुई वर, टाके सारखे, अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरचे. दोरा फार ओढू नका, कापडाला चुण्या पडतात. संपताना त्याच जागी दोन-तीन टाके घाला आणि मग कापा.

आणि एक नियम आमच्या वर्गाचा: सुया आणि टाचण्या मोजून घ्यायच्या, मोजूनच परत ठेवायच्या. पलंगावर बसून शिवायचं नाही.

करून पाहा १: गरम भांडं उचलायचं फडकं

१. सुती कापडाचे १८ सेंटिमीटरचे दोन चौकोन कापा. जुन्या टॉवेलचे १६ सेंटिमीटरचे तीन चौकोन कापा.

२. सुती चौकोनांच्या चारी कडा १-१ सेंटिमीटर आत दुमडा. आता तेही १६ सेंटिमीटरचे झाले.

३. मध्ये टॉवेलचे तीन थर ठेवा, वर-खाली सुती चौकोन. टाचण्या लावा. कडेनं धावदोरा घाला. एका कोपऱ्यात अडकवायला छोटी नाडी शिवायला विसरू नका.

४. कडेपासून दीड-दोन सेंटिमीटर आत दुसरा चौकोन शिवा, मग तिसरा, असं मध्यापर्यंत या. झाली तुमची पहिली गोधडी! 

यात पॉलिस्टर मुळीच वापरू नका, ते तापलं की वितळतं. आणि फडकं ओलं असेल तर त्यानं गरम भांडं उचलायचं नाही. ओल्या कापडातून चटका लवकर बसतो.

करून पाहा २: बसकर

१. वेगवेगळ्या कापडांचे १७ सेंटिमीटरचे नऊ चौकोन कापा. तीन तीनच्या तीन ओळी मांडून रंग जुळवा.

२. दोन चौकोनांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवा. कडेपासून १ सेंटिमीटर आत बारीक टाक्यांनी शिवा. अशी तीन चौकोनांची एक ओळ. तीन ओळी झाल्या की ओळी एकमेकींना जोडा.

३. जुन्या जीनचा किंवा जाड पँटीचा ४७ सेंटिमीटरचा चौकोन तळाला घ्या. मध्ये जुन्या चादरीचे ४५ सेंटिमीटरचे दोन थर.

४. वरच्या आणि तळाच्या कापडाच्या कडा १ सेंटिमीटर आत दुमडा, टाचण्या लावा, कडेनं शिवा. मग कडेपासून आत आत धावदोरा.

आता सांगा, चौकोन १५ ऐवजी १७ सेंटिमीटरचे का कापले? कारण प्रत्येक बाजूचा १ सेंटिमीटर शिवणीत जातो. १५ चेच कापले असते, तर बसकर ४५ ऐवजी ३९ सेंटिमीटरचं झालं असतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथं आधी अंथरूणच मोजून कापायचं!

करून पाहा ३: वर्गाची गोधडी

हे एकट्याचं काम नाही. २२ सेंटिमीटरचे ३५ चौकोन घ्या. पाच पाचच्या सात ओळी जोडा. गोधडी १०० बाय १४० सेंटिमीटरची होईल. तळाला जुनी साडी, मध्ये दोन-तीन थर. ओळी जोडायचं काम शिवणयंत्रावर कुणाच्या आईनं किंवा बाबांनी करून दिलं तरी चालेल. धावदोरा मात्र हातानंच. जमिनीवर गोधडी पसरून चारी बाजूंनी चौघं-चौघं बसा. गप्पा मारत शिवलं की टाके कसे पडतात ते कळतही नाही. जुन्या काळी वाड्यातल्या, आळीतल्या बायका अशाच जमायच्या. घरचं सुखदुःख तिथंच बोललं जायचं.

पालकांसाठी दोन शब्द

मुलांचे पहिले टाके वेडेवाकडेच येणार. ते उसवून स्वतः सरळ करून देऊ नका. दहाव्या ओळीला ते आपोआप सुधारतात. मुलग्यांनाही बसवा. त्यांना शर्टाचं बटण लावता आलं तर पुढं त्यांचंच बरं होईल.

आणि घरात आजी असेल, तर या सुट्टीत मुलांना तासभर तिच्याजवळ बसवा. कुठलं कापड वर, कुठलं आत, कोपरा कसा वळवायचा, हे तिच्या बोटांत आहे. ते हातातून हातातच जातं. तिचे हात थकण्याआधी ते पुढच्या हातांत जायला हवं. जुनी साडी कापायला देण्याआधी तिला एकदा विचारा मात्र. कुठली साडी कुठल्या प्रसंगाची, ते तिलाच ठाऊक!

तर मित्रांनो, कामाला लागा. आजीला दोरा ओवून द्याल, तेव्हा एक सुई स्वतःसाठीही ओवा. आणि तुमचं फडकं, बसकर किंवा गोधडी पुरी झाली, की एका कोपऱ्यात रंगीत दोऱ्यानं तुमचं नाव आणि साल घाला. आपल्या आज्या-पणज्यांनी इतक्या गोधड्या शिवल्या, पण नाव कुणीच घातलं नाही. आजीनं मदत केली असेल, तर तिचं नाव आधी घाला, मग तुमचं.